एकदाच उतरणारी फाईल

साक्ष ही माणसाने माणसाला द्यायची सर्वात पवित्र गोष्ट आहे. हे वाक्य माझंच, पण मनापासून लिहिलेलं नाही. आमच्या सेठने उद्घाटनाच्या फ्लेक्ससाठी ते माझ्याकडून लिहून घेतलं आणि शेजारी स्वतःचा हात जोडलेला फोटो इतका मोठा छापला की 'पवित्र' हा शब्द त्याच्या कोपराखाली गेला. फ्लेक्स उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये आमच्या ऑफिसच्या जिन्यावर लागला. खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर आम्ही: मी, सेठ आणि एक राउटर. भटजींनी राउटरला कुंकू लावलं. आमचा सर्व्हर कुठल्या शहरात आहे हे सेठला आणि मला दोघांनाही नक्की माहीत नव्हतं, पण त्याची फीत कॅम्प दोनमध्ये कापली गेली.

धंदा साधा होता. बाजारातल्या दुकानांचे कॅमेरे आपलं चित्रण इंटरनेटवरून थेट आमच्या सर्व्हरवर पाठवत. ते तिथे सात दिवस राही, मग पुसलं जाई. मधल्या काळात दुकानदाराला एखादा तुकडा हवा असला तर तो वेळ कळवी, मी तेवढी क्लिप कापी, त्याच्या मोबाईलवर लिंक जाई. लिंक दाबली की फाईल उतरे. इथपर्यंत जगात सगळीकडे असंच चालतं. पण सेठ एका चर्चासत्राला जाऊन 'गोपनीयता' हा शब्द घेऊन आला होता. त्याच्या आग्रहाने मी अशी व्यवस्था लिहिली की लिंक एकदाच चालेल. फाईल एकदा पूर्ण उतरली की आमच्याकडची प्रत नष्ट. त्यानंतर कोणी लिंक दाबली तर पडद्यावर येई: 'ही फाईल यापूर्वीच सुपूर्द करण्यात आली आहे. धन्यवाद.' त्यातलं 'धन्यवाद' ही माझी भर.

त्या मारामारीच्या वेळी मी तिथे नव्हतो, आणि तरी ती माझ्याइतकी नीट कोणी पाहिली नसेल.

आमच्या गिऱ्हाइकांत एक पापडवाली होती. सत्तरीची सिंधी बाई, सगळा बाजार तिला अम्मा म्हणे, तिच्याहून मोठे होते तेसुद्धा. तिच्या दुकानासमोर एक मोठं कापड दुकान होतं. त्याचा मालक व्यापारी मंडळाचा अध्यक्ष. अम्माचा कॅमेरा तिच्या गल्ल्याकडे बघायचा, पण तो बसवणाऱ्याने जरा वर धरल्यामुळे अर्धा रस्ताही त्यात यायचा. एका सकाळी अम्माचा फोन आला.

"बेटा, कल दोपहर का निकाल के दे. उस हमाल को मारा ना, वो."

"किती वाजताचं, अम्मा?"

"खाना खाने के बाद."

"तुम्ही जेवता किती वाजता?"

"गिऱ्हाईक खाने देगा तब! तू निकाल ना. पुलिस बोलती है हमाल ने पहले मारा. मैं क्या अंधी बैठी थी?"

त्यामुळे मला दोन तासांचं चित्रण डोळ्यांनी चाळावं लागलं. एरवी मी क्लिप न बघता कापतो. ही बघावी लागली.

पहिले नऊ सेकंद असे. हमाल हातगाडीवरून गासड्या उतरवतोय. एक गासडी घसरते आणि दुकानासमोर उभ्या असलेल्या नव्या मोटरसायकलचा आरसा मोडते. मोटरसायकल अध्यक्षांच्या भाच्याची. भाचा दुकानातून येतो तो हातात कापड मोजायचा लोखंडी गज घेऊनच. पहिला फटका खांद्यावर. हमाल हात वर करतो, दुसरा फटका बोटांवर, आणि बोटं हाताला राहतात पण आपल्या जागी राहत नाहीत. तिसरा डोक्यावर. हमाल गुडघ्यावर येतो. गज चौथ्यांदा वर जातो. इथे नऊ सेकंद संपतात.

दहाव्या सेकंदाला हमालाचा डावा हात हलतो. त्या हातात गासडी ओढायचा हूक आहे. तो भाच्याच्या मांडीत मुठीपर्यंत जातो.

पुढची अडीच मिनिटं बाजाराची आहेत. आठ-नऊ माणसं धावून येतात आणि खाली पडलेल्या हमालाला मारतात. एकाने स्टूल आणलंय. रस्त्यापलीकडून एक जण येतो, दुसऱ्याला काय झालं विचारतो, विचारतोय हे स्पष्ट दिसतं, आणि उत्तर यायच्या आधी लाथ घालतो. एका सद्गृहस्थाने भाजीची पिशवी भिंतीला नीट टेकवून ठेवली, तोंडावर दोन लाथा मारल्या, पिशवी उचलली, कोथिंबीर आत सारली आणि गेला. मी तो भाग दोनदा पाहिला. कोथिंबिरीमुळे.

मी क्लिप कापली, लिंक अम्माला पाठवली. चौदा मिनिटांनी नोंदीत हिरवी खूण आली: सुपूर्द. फाईल पूर्ण उतरली होती. मी बदलापूरला घरी गेलो आणि रीतसर जेवलो.

हमाल बारवी धरणाकडच्या एका वाडीतला. सरकारी इस्पितळात पडून होता, दारात शिपाई. त्याच्यावर लावलेलं कलम होतं जीवे मारण्याचा प्रयत्न. हत्यार जप्त, जखमी हजर, साक्षीदार सगळा बाजार. कलम टिकलं तर जामीन नाही, आणि पुढची किती वर्षं आत जातील ते वकीलही सांगेना. अम्माच्या एकटीच्या शब्दाला कोणी विचारत नव्हतं; त्याच्या बाजूला होते ते फक्त ते नऊ सेकंद.

मारामारीनंतर आठव्या दिवशी जिन्यावर बुटांचा आवाज झाला. हवालदार वर आला, मागून एक बाई. हमालाची बायको. पालेगावच्या नव्या बिल्डिंगींवर विटा वाहायची, कपाळावर सिमेंटची धूळ तशीच होती. हवालदाराने मोबाईल माझ्यासमोर धरला.

"हे काय आहे, साहेब? एवढे दिवस बंदोबस्तात होतो, आज सवडीने दाबलं. तर धन्यवाद म्हणतंय."

पडद्यावर माझंच वाक्य होतं.

"अम्मांनी उतरवली असेल फाईल," मी म्हणालो.

"अम्मा म्हणते मी दाबलंच नाही."

ते खरं होतं. इथे बाजाराची एक रीत सांगायला हवी, जी लिंक लिहिताना मी विचारात घेतली नव्हती. कॅम्प दोनमध्ये आलेली लिंक कोणी स्वतः दाबत नाही. एक लिंक दाबून कोणाच्या तरी मेव्हण्याचं खातं साफ झालं होतं, तेव्हापासून लिंक आधी दुसऱ्याला पाठवायची आणि विचारायचं, दाबू का? अम्माने ती अंबरनाथच्या जावयाला पाठवली. 'दबाऊं क्या?' जावयालाही धोका पत्करायचा नव्हता. त्याने ती व्यापारी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली: 'कोणीतरी दाबून बघा, सेफ आहे का.' कोणीतरी दाबून बघितली. त्याच क्षणी आमच्या सर्व्हरने फाईल दिली, गोपनीयता पाळली आणि प्रत मारून टाकली. त्यानंतर ग्रुपातल्या चाळीसेक माणसांनी लिंक ठोकली होती. सर्वांचे आभार मानले गेले होते. अम्माने ती हवालदारालाही पाठवली होती, पुरावा दिला म्हणून निर्धास्त झाली होती.

"मग परत काढा," हवालदार म्हणाला.

"मूळ चित्रण सात दिवसच राहतं. काल पुसलं गेलं."

"काल?"

"काल."

बाई माझ्याकडे बघत होती. तिने ओरडायला हवं होतं, निदान मला बरं वाटलं असतं.

"पण तुम्ही बघितलंत ना?" हवालदाराने विचारलं.

"बघितलं. पहिले तीन फटके भाच्याचे."

"तुम्ही बाजारात होतात?"

"नाही. इथे. स्क्रीनवर."

"म्हणजे तुम्ही मारामारी बघितली नाही. तुम्ही फाईल बघितली."

"हो."

"आणि फाईल नाही."

"नाही."

"मग तुम्ही काय बघितलंत ते मी कशात लिहू?"

मग त्याने मला एक गोष्ट दाखवली. भाच्याने मोबाईलच्या स्टेटसला एक क्लिप ठेवली होती, ढोलताशाच्या गाण्यावर. ती मांडीत हूक जातो तिथून सुरू होत होती. कोपऱ्यात आमच्या कंपनीचं बोधचिन्ह आणि वेळ. आमचीच फाईल, डोकं उडवलेली. सगळ्या बाजाराने ती पाहिली होती आणि आता बाजाराला तेवढंच आठवत होतं.

"नऊ सेकंद व्हते म्हनता?" बाईने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"हो, ताई."

"ते कुनाच्या तरी फोनात असतीलच ना. ज्यानी पयलं दाबलं त्याच्या."

आठ दिवसांत त्या प्रकरणात कोणी बोललेलं ते पहिलं शहाणपणाचं वाक्य. मी नोंदी उघडल्या. फाईल कुठल्या जोडणीवरून उतरवली तो आकडा तिथे होता. असे आकडे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, पण हा मला पाठ होता. तो आमच्या ऑफिसचा होता. ऑफिसात दोन माणसं आणि एक राउटर. मी ती फाईल उतरवली नव्हती. राउटरनेही नसावी.

सेठ तेव्हा बाहेर होता. तो आला तो हवालदार गेल्यावर. मी सरळ विचारलं.

"चेक केलं मी, बेटा," तो म्हणाला. "ग्रुपमध्ये लोग पूछ रहे थे सेफ है क्या. अपनी सर्विस आहे. मालक म्हणून जिम्मेदारी बनती है."

"आणि मग?"

"सेफ निघाली."

"सेठ, भाच्याच्या स्टेटसला कशी गेली?"

"अध्यक्षजींना भेजी. पडोसी आहेत. घर की बात, पहिले त्यांनी बघावी. अकरा कॅमेरे आहेत त्यांचे आपल्याकडे."

"तुमच्या फोनमध्ये आहे अजून?"

त्याने फोन टेबलावर पालथा घातला. ते उत्तर मला पुरेसं होतं. बाईला पुरेसं नव्हतं. ती दाराशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती, हे सेठच्या उशिरा लक्षात आलं.

"मेरे पास कुछ नहीं है, बाई. जाओ घर."

"नाय तर नाय. मी बसते."

ती बसली. दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी जिन्यावर येऊन बसलेली होती, बरोबर फडक्यात भाकर. तिने शिव्या दिल्या नाहीत, पाया पडली नाही. सेठ फोनवर बोलू लागला की त्याच्या हातातल्या फोनकडे बघायची, फोन खिशात गेला की खिशाकडे. दुपारपर्यंत सेठला घाम फुटला. त्याने मला आत बोलावलं.

"इसको पानी-वानी दो. आणि सांग ना, कानून का मामला आहे."

"कायद्याचं प्रकरण आहे हे तिलाच जास्त माहीत आहे, सेठ. फाईल देऊन टाका."

"अध्यक्ष काय म्हणतील?"

अध्यक्ष काय म्हणतील ते तासाभरात भाच्याने येऊन सांगितलं. आमच्याकडे बाई बसली आहे ही बातमी ग्रुपवर गेली होती. ती दाबायला लिंक नव्हती, त्यामुळे कोणी कोणाला विचारलं नाही, लगेच पोचली. भाचा लंगडत वर आला, हाफ पँटखाली मांडीला जाड पट्टी, मागे दोन मित्र. हातात तोच गज असेल असं मला वाटलं नव्हतं. मारायला निघालेला माणूस निदान हत्यार बदलेल असा माझा समज होता. पण पोलिसांनी हमालाचा हूक जप्त केला होता, गज नाही. गज कापड मोजायचा असतो.

"फोन," तो सेठला म्हणाला.

"बेटा, बैठ के बात—"

पहिला फटका माझ्या मॉनिटरवर आला. दुसरा मला, कानाच्या मागे. त्यातलं मला एवढंच आठवतं की आवाज आधी आला आणि दुखणं बऱ्याच वेळाने, एखादं पान सावकाश उघडावं तसं. मी खाली बसलो. तिथून मला टेबलाखालून सगळं दिसत होतं. सेठने फोन छातीशी धरला होता. गज त्याच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज ऐकू आला, फोन पडला. मग भाच्याने फोनवर तीन फटके घातले, अगदी मोजून, काच उडून माझ्या पायापर्यंत आली. मित्रांपैकी एक दारात उभा राहून चित्रण करत होता.

"पुसली गेली बघ तुझी फाईल," भाचा बाईला म्हणाला. "आता बस. बस वर्षभर."

बाई उठली. खुर्चीशी भाकरीचं फडकं व्यवस्थित ठेवलं. मग ती दोन पावलं पुढे गेली, वाकली, भाच्याच्या मांडीवरची पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि आतल्या जखमेत अंगठा रोवला.

मी आयुष्यात बऱ्याच किंकाळ्या ऐकल्या आहेत, बहुतेक टीव्हीवर. ती तशी नव्हती. ती खालच्या कारखान्यातली मशिनं थांबेपर्यंत चालली. भाचा कोसळला, गज सुटला, तरी तिने अंगठा काढला नाही. त्याच्या मित्राने तिच्या पाठीत लाथ घातली, दुसऱ्याने केस धरून ओढलं, तिची मान मागे गेली, पण हात तिथेच. पट्टी लाल झाली, मग तिची बोटं, मग फरशी. विटा उचलणाऱ्या बाईच्या पंजात किती जोर असतो याचा त्या तिघांना अंदाज नव्हता. खालचे कारागीर वर आले तेव्हा तिला चौघांनी मिळून सोडवलं. तिच्या केसांचा एक झुबका मित्राच्या मुठीत राहिला होता. तो त्याने कुठे टाकावा हे न कळून खिशात घातला.

सेठ भिंतीला टेकून बसला होता, मनगट मांडीवर घेऊन, रडत. सत्याची ओढ लागायला माणसाला आयुष्य लागतं असं तो पूर्वी भाषणात म्हणायचा. त्याला एक फटका पुरला.

"फोन ले जा," तो मला म्हणाला. "नीचे दिखा. लॉक का पैटर्न एल है."

खाली फुटपाथवर मोबाईल दुरुस्त करणारा बसतो. मी कानामागे रुमाल दाबून फोन त्याच्यापुढे ठेवला. त्याने माझ्या शर्टवरचं रक्त पाहिलं, फोन पाहिला आणि फोनबद्दल हळहळला.

"डिस्प्ले गया, भाई. बॉडी बेंड. अंदर का सब ठीक होगा."

वीस मिनिटांत त्याने दुसऱ्या एका फोनचा डिस्प्ले बसवला. सेठच्या डाउनलोडमध्ये गुड मॉर्निंगच्या गुलाबांच्या आणि पालेगावच्या फ्लॅटच्या जाहिरातींच्या मध्ये ती फाईल होती. पूर्ण, पहिल्या सेकंदापासून. दुरुस्तीवाल्याने तपासायला म्हणून ती लावली. आजूबाजूचे चार जण बघायला वाकले. त्यातला एक स्टूलवाला होता. त्याने स्वतःला ओळखलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं समजून गेला.

पोलिसांना फाईल नुसती देऊन चालत नाही. सोबत प्रमाणपत्र लागतं. सेठचा हात प्लास्टरमध्ये, म्हणून सही माझी. मी लिहून दिलं की सदर कालावधीत आमची संगणक यंत्रणा व्यवस्थित चालू होती. त्यात खोटं काही नव्हतं. यंत्रणा व्यवस्थित चालली म्हणूनच हे सगळं झालं होतं. हवालदाराने क्लिप शेवटपर्यंत बघितली. नवव्या सेकंदाला त्याने "हं" केलं. पिशवीवाल्यापाशी त्याने क्लिप थांबवली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "हा आमच्या गल्लीत राहतो. शाळेत शिकवतो."

बाईवरही गुन्हा नोंदला गेला, मांडीबद्दल. भाच्यावर दोन. हमालावरचं जीवे मारण्याच्या प्रयत्नाचं कलम काढलं, साध्या दुखापतीचं ठेवलं, आणि त्याला जामीन झाला. वकिलाने कोर्टाबाहेर न्यायदेवतेबद्दल थोडं बोलून घेतलं. ऐकायला अम्मा, मी आणि एक झेरॉक्सवाला होतो. अकरा कॅमेरे गेले. लिंक आता दहा वेळा चालते. 'धन्यवाद' मी काढून टाकला आहे.

सुटल्यावर पंधरवड्याने हमाल ऑफिसात आला, बायकोबरोबर. मी त्याला प्रथमच समोरासमोर पाहत होतो. आतापर्यंत वरून, तिरका आणि छोटा पाहिला होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, जबड्याची एक बाजू बसली होती. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला.

"साहेब, समद्यांनी बघितलं," तो म्हणाला. "मीच नाय बघितलं. दाखवा की."

"कशाला आता?" बायको म्हणाली. "नको बघू."

"बघू दे गं."

मी क्लिप लावली. स्वतःला मार खाताना पाहणाऱ्या माणसाकडे कसं बघायचं असतं ते मला माहीत नाही, म्हणून मी पडद्याकडे बघत राहिलो. खांदा, बोटं, डोकं. हूक. त्याची बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. स्टूल आलं. पिशवी भिंतीला टेकली. तो निश्चल होता, फक्त मोडक्या बोटांचा हात एकदा आपोआप वर गेला आणि खाली आला. मी मनात काही वाक्यं तयार करत होतो. आमची चूक, माझी दिलगिरी, असं काही.

"थांबवा," तो म्हणाला. "जरा मागं घ्या. हा, हितं."

मी मागे घेतलं. तो पडद्याच्या अगदी जवळ वाकला.

"माझी डाव्या पायातली चप्पल. नवी व्हती. कुनी नेली दिसतं का?"

आम्ही तिघांनी मिळून शोधली. एक मिनिट बाराव्या सेकंदाला कोणाच्या तरी पायाने ती उडाली आणि चौकटीच्या डाव्या बाजूने बाहेर गेली. त्या बाजूला आमचा कॅमेरा नव्हता.